कड्यातली फट

सॉफ्टवेअरमध्ये ‘सिमेट्री’ नावाचा एक छोटा रकाना असतो. आपण जे प्रोटीन बघतोय ते किती बाजूंनी सारखं आहे, हे त्यात लिहायचं. सहा सारख्या तुकड्यांचं कडं असेल तर सहा. मग सॉफ्टवेअर ते सहा तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढतं आणि चित्र एकदम स्वच्छ दिसायला लागतं. लॅबमधल्या माझ्या सीनियरने सहा लिहिलं होतं. मी तो रकाना भरायला विसरले.

विसरले त्या दिवसापासून सतरा दिवस मी गप्प होते. मी तशी गप्पच असते, त्यामुळे कुणाला काही वेगळं जाणवलं नाही.

परळच्या आमच्या लॅबमध्ये मी पीएचडीला लागले तेव्हा तो चौथ्या वर्षाला होता. लॅबमध्ये सगळे इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलायचे. पहिल्या आठवड्यात मी जेवायला एका कोपऱ्यात बसले होते, तर तो समोर येऊन बसला. मी डबा उघडल्यावर त्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

“काय आहे ते?”

“तिसऱ्या. शिंपल्यातल्या.”

“जिवंत आहेत का?”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. तो गिरगावातल्या शाकाहारी घरातला. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि तो दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. मी काळाचौकीची. बाबा शिवडीला गोदामात कामाला, आई घरी साड्यांना फॉल लावून द्यायची, आणि दोघांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलेलं. त्यामुळे माझी भाषा तीन ठिकाणी वाटली गेली होती. घरी आईची मालवणी, अभ्यासाला इंग्रजी, आणि मधल्या सगळ्या ठिकाणी मौन. हेलिकेजवर, म्हणजे डीएनएचा पीळ उकलणाऱ्या आमच्या प्रोटीनवर, मी इंग्रजीत पाच पानं सहज लिहिली असती. पण आईने “तू नेमक्या करतस काय गो थंय?” असं विचारलं की मी “संशोधन” एवढं म्हणून मोकळी व्हायचे.

ते त्याने मला मराठीत सांगितलं. लॅबच्या मागच्या गल्लीत चहाची टपरी आहे, तिथे उभं राहून. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी काढली, दुमडली आणि पिळली.

“हा डीएनए. दोन पेडांचा पीळ. पेशीची दोन व्हायची तर याची नक्कल पाहिजे, नक्कल करायची तर पेड सुटे पाहिजेत. आणि हा पीळ काय आपण होऊन सुटत नाही. मग हे कडं येतं.” त्याने मुठीचं कडं केलं. “एका पेडावर बसतं, दुसऱ्याला बाहेर ठेवतं, आणि धावत सुटतं. बस. एवढंच काम.”

“धावतं कशाच्या जोरावर?”

“तुला माहितीय की.”

“मराठीत नाही माहीत.”

तो माझ्याकडे बघायला लागला. चेष्टा करतेय की काय, असं त्याला वाटलं असावं. मग त्याने सगळं सांगितलं. कड्याच्या सहा पाकळ्या, दोन पाकळ्यांच्या सांध्यात इंधन येऊन बसतं, जळतं, त्या झटक्याने पाकळी हलते. कडं बंद असेल तर धागा आत जाणार कसा, म्हणून ते उघडून धाग्यावर चढवायला वेगळं एक प्रोटीन असतं, आणि चढवून झालं की ते निघून जातं. मी चहा धरून उभी होते, चहावर साय आली होती. पुस्तकापेक्षा यात नवीन काहीच नव्हतं. पण ‘पाकळी’, ‘सांधा’, ‘झटका’ हे शब्द माझ्या घरातले होते. शिकलेली गोष्ट पहिल्यांदा माझ्या घरातल्या शब्दांत माझ्यापर्यंत आली, आणि ती आणणारा माणूस मला आवडायला लागला. यापलीकडे मला त्याचं काही कारण सापडलेलं नाही.

तो मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचा. “कॉन्व्हेंट, सदतीस म्हणजे किती?” मी बोटांवर मोजायचे आणि तो खूश व्हायचा.

आमचं बरंचसं काम कोल्ड रूममध्ये चालायचं. चार अंश तापमानाची बिनखिडकीची खोली. प्रोटीन उबेत खराब होतं म्हणून. दाराबाहेरच्या खिळ्याला दोन स्वेटर टांगलेले असायचे. मुंबईत बाराही महिने स्वेटर लागणारी माणसं आम्हीच. मोठा स्वेटर त्याचा होता, पण तो बाहेर असला की मी तोच घालून आत जायचे. हे त्याला माहीत होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

आमचं कडं क्षयाच्या जंतूमधलं होतं. त्याच्या सहाही पाकळ्या एकाच साच्यातून निघालेल्या. ते कडं धाग्यावर बसलेलं असताना कसं दिसतं, हे त्याला बघायचं होतं. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर प्रोटीनचा थेंब ठेवायचा, क्षणात गोठवायचा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचे हजारो फोटो काढायचे. आमच्याकडे तसा मायक्रोस्कोप नव्हता. तो जाळ्या घेऊन दुसऱ्या शहरात गेला आणि चार दिवसांनी डोळे सुजवून, हार्ड डिस्क छातीशी धरून परत आला. मग वर्षभर त्या फोटोंमधून त्याने कड्याचा मॅप, म्हणजे सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असा आकार, बांधला. सुरेख मॅप होता. वरून बघितलं की सहा पाकळ्यांचं फूल, बारीकसारीक वळणंसुद्धा दिसणारी. फक्त मधल्या भोकात डीएनएच्या जागी एक धुरकट दांडा होता. मॅडमनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, त्याबद्दल विचारलं होतं. “धागा आत हलत असेल,” तो म्हणाला होता, आणि ते पटण्यासारखं होतं.

त्या मॅपवर थिसिसचा चौथा चॅप्टर लिहून झाला. त्यावर मुलाखत झाली आणि युरोपातल्या एका लॅबमध्ये त्याला जागाही मिळाली. अडीच महिन्यांनी तिकडे रुजू व्हायचं होतं. त्याआधी थिसिस सादर झाला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्याने हे मला टपरीवरच सांगितलं.

“अभिनंदन,” मी म्हणाले.

“एवढंच?”

“मग काय म्हणू?”

“काही नाही. पार्टी माग.”

त्याच आठवड्यात त्याने मला हार्ड डिस्क दिली. तो गेल्यावर हे काम मीच पुढे न्यायचं होतं, म्हणून त्याच्याच फोटोंवर मी हात बसवावा, असं ठरलं. “पहिल्यापासून कर. माझ्यासारखाच मॅप आला की समज, जमलं.”

माझा मॅप त्याच्यासारखा आला नाही. खडबडीत, कमी स्पष्ट, आणि एका बाजूने उसवल्यासारखा. मी घाबरून सगळ्या पायऱ्या तपासल्या तेव्हा सिमेट्रीचा रिकामा रकाना दिसला. हात्तिच्या, म्हटलं, आणि सहा लिहिणारच होते. पण त्याआधी सहज तो मॅप फिरवून बाजूने बघितला. सहा पाकळ्या एका पातळीत नव्हत्या. गोल जिन्याच्या पायऱ्या असतात तशी प्रत्येक पाकळी आधीच्यापेक्षा थोडी वर होती, आणि पहिली न् सहावी यांच्यामध्ये फट होती. मधल्या भोकात दांडा नव्हता. धागा होता. बारीक, पिळलेला, एकेक पाकळी त्याला धरून असलेली.

हे खरं आहे हे मला संगणकामुळे कळलं नाही, हातांमुळे कळलं. नववीपर्यंत मी दादरच्या एका व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब केला होता. लॅबमध्ये ते कुणाला माहीत नव्हतं. सुती दोरी वरून टांगलेली, खाली गाठ नाही, आधार नाही. पायाच्या अंगठ्यात दोरी पकडायची, एक हात वर, दुसरा त्याच्या खाली. चढायचं तर सगळ्यात खालची पकड सुटते आणि सगळ्यात वर जाऊन बसते. तोवर बाकीच्या पकडी तुम्हाला तोलून धरतात. दोन्ही हात एकाच उंचीवर, एकाच वेळी, सारख्याच जोराने दोरी धरून असतील तर माणूस नुसता लोंबकळतो. शिकवणाऱ्या बाई खालून ओरडायच्या, “अगं, सोड एक हात! सोडल्याशिवाय वर कशी जाशील?” सहाही पाकळ्या सारख्या असलेलं त्याचं सुरेख कडं लोंबकळत होतं. माझं चढत होतं.

म्हणजे झालं असं होतं. फोटोंमध्ये फट होती, पण ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. सहा लिहिल्यावर सॉफ्टवेअरने सगळ्या पाकळ्यांची सरासरी काढली, जिना सपाट केला आणि फट बुजवली. साच्यातून निघताना सहाही सारख्या असतात, हे बरोबरच आहे. कामाला लागल्यावर त्या सारख्या राहत नाहीत. कुठल्याही क्षणी सहा जणी सहा वेगवेगळ्या गोष्टी करत असतात.

मी तो मॅप पुन्हा बांधला. मग तिसऱ्यांदा. फट जागची हलली नाही.

एखाद्याची चूक कळली तर सांगायची, यात विचार करण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटलं असतं. पण मी त्याला सांगायला उठले आणि दारापर्यंत जाता जाता माझ्या मनात हिशेब झाला. चौथा चॅप्टर नव्याने करायचा म्हणजे सहा महिने. अडीच महिन्यांनी तो जाऊ शकणार नाही. ती जागा जाईल. तो इथेच राहील. आणि माझ्या छातीत जे काही झालं तो आनंद होता. खोटं कशाला बोलू? मी परत येऊन खुर्चीवर बसले.

त्या आनंदाची मला भीती वाटली. सांगितलं तर मी खरं बोलणार होते आणि मला हवं ते मिळणार होतं, दोन्ही एकदम. त्यातलं मी कशासाठी सांगतेय, हे मलाच कळेना. नाही सांगितलं तर तो आनंदाने जाईल आणि जगासमोर चुकीचं कडं घेऊन उभा राहील. कुणीतरी कधीतरी ती फट दाखवेलच. मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज टपरीवर तो काहीतरी बोलायचा, विमानाच्या तिकिटाचं, तिकडच्या थंडीचं, आणि मी चहा संपवायचे.

बाराव्या की तेराव्या दिवशी तो म्हणाला, “हिंदमाताला येतेस? आईसाठी साडी घ्यायचीय. मला त्यातलं ढेकळं कळत नाही.”

आम्ही दुपारी चालतच गेलो. वाटेत सांगेन, म्हटलं. वाटेत तो साडीच्या रंगांबद्दल बोलत राहिला. आईला जांभळा आवडतो, पण ती घेताना नेहमी राखाडीच घेते. दुकानात गादीवर बसलेल्या शेठने माझ्याकडे बघून उशी पुढे सरकवली.

“या वहिनी, बसा. काय दाखवू?”

“वहिनी नाहीत, कलीग आहेत,” तो म्हणाला.

“हां हां, कलीग. मग कलीगच्या खांद्यावर टाका जरा ही, पदर कसा पडतो बघू.”

आणि शेठच्या माणसाने खरंच ती जांभळी साडी माझ्या खांद्यावर टाकली. समोर आरसा होता. त्यात मी होते, साडी होती, आणि मागे तो, मान तिरकी करून, एखादा मॅप बघावा तसा बघत होता.

“चांगली दिसते,” तो म्हणाला. मग घाईने, “म्हणजे आईला.”

“आईंना दिसणारच,” शेठ म्हणाला, “पण बिल कलीगना दाखवू नका, त्या घासाघीस करतील.”

मी घासाघीस केली नाही. फॉल लावायला साडी माझ्याच आईकडे द्यायची ठरली, म्हणून ती पिशवी घेऊन मी लालबागवरून चालत घरी आले. घरात शिरून आईच्या समोर ठेवली.

“कोणाची गो ही?”

“लॅबमधल्या एकाच्या आईची.”

“एकाच्या म्हणजे कोणाच्या?” आईने साडी उलगडली, काठ अंगठ्याने चाचपला. “आवड बरी आसा त्या एकाची. हात धू आधी, साडयेक डाग लागात.”

दोन दिवसांनी ती साडी तिच्या मांडीवर होती. फॉल एका टोकाला थोडा तिरका गेला होता आणि तिने चष्मा वर करून तो बघितला. मी शेजारी बसून बघत होते. मला उगाच वाटलं, आता ही काय करते त्यावरून मी ठरवीन.

“उसवणार?” मी विचारलं.

“कित्याक? फॉल आतल्यान आसता, कोण बघता?” आणि तिने दोरा तोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू तोंड कित्याक पाडलंस?”

त्यामुळे ठरवायचं ते मलाच ठरवावं लागलं.

मी कोल्ड रूम निवडली. तिथे चेहरा थंडीने ताठलेला असतो, आवाज कापला तरी कारण असतं. तो नळ्या लावत होता.

“तुझ्या मॅपमध्ये प्रॉब्लेम आहे.”

“कुठल्या?”

“चौथ्या चॅप्टरमधल्या. कडं बंद नाहीये.”

“म्हणजे?”

“तू सहा लावलेस. मी काहीच लावलं नाही. म्हणजे, विसरले.”

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. आम्ही बाहेर आलो, स्वेटर न काढताच संगणकापाशी बसलो. मी माझा मॅप उघडला आणि माऊस त्याच्या हातात दिला. त्याने तो वरून बघितला, बाजूने बघितला, भोकातून आत बघितला. बराच वेळ.

“आयला,” तो हळूच म्हणाला. “धागा दिसतोय.”

त्या क्षणी तो घाबरला नव्हता. मी बघत होते ना. एवढं सुंदर काही दिसल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. भीती नंतर आली, आणि तिच्या मागून राग. कारण त्याची नजर फोल्डरच्या नावावर गेली, आणि नावात तारीख होती.

“हे सतरा दिवसांपूर्वीचं आहे.”

“हो.”

“सतरा दिवस तू माझ्याबरोबर चहा पीत होतीस. साडी आणायला आलीस.”

“खात्री नव्हती.”

“खात्री नव्हती? तीन वेळा रन केलंयस तू. हे बघ, एक, दोन, तीन. सगळं इथे लिहिलेलं आहे. मला का नाही सांगितलंस?”

मी पुन्हा म्हणाले, “खात्री नव्हती.” त्याने स्वेटर काढून टेबलावर टाकला आणि तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

मॅडमनी मलाही आत बोलावलं. दोन्ही मॅप शेजारी शेजारी ठेवून त्या कितीतरी वेळ बघत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “हा जुना मॅप मीही वर्षभर बघत होते. मलाही गोलच आवडला. धुरकट दांडा दिसला तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता छापायच्या आधी कळलंय, तर दोघं बसून रडा, नाहीतर दोघं बसून काम करा. मला काय, दोन्ही चालेल.”

आम्ही काम केलं. सहा महिने लागतील हा माझा अंदाज होता, कारण मी नवीन होते. नऊ दिवस लागले. फोटो मुळात चांगले होते, त्याने जीव ओतून काढले होते. फक्त फटीची जागा ओळखून ते नीट वेगळे लावायचे होते. त्या नऊ दिवसांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ‘कॉन्व्हेंट’ म्हणाला नाही. सहाव्या दिवशी मॅप इतका स्पष्ट झाला की धाग्यावरची अक्षरं, म्हणजे डीएनएचे एकेक घटक, मोजता आली. एकेका पाकळीच्या वाट्याला दोन. सगळ्यात मागची पाकळी सुटून पुढे जायच्या बेतात असलेली दिसत होती, एक हात दोरीवरून उचललेला असावा तशी. मी त्याला मल्लखांबाचं सांगितलं. तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

“तू? दोरीवर?”

“नववीपर्यंत.”

“आणि हे तू चार वर्षांत... जाऊ दे,” तो म्हणाला. मी लॅबमध्ये येऊन दोनच वर्षं झाली होती. मी ते सुधारलं नाही.

नवा चौथा चॅप्टर जुन्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. थिसिस वेळेवर सादर झाला, तिकीटही बदलावं लागलं नाही. सतरा दिवस मी ज्या गोष्टीला घाबरत होते आणि जिची वाट बघत होते, ती घडणारच नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो साडी न्यायला आमच्या घरी आला. आईने त्याला खुर्ची दिली, चकल्या दिल्या आणि सरळ चौकशीला सुरुवात केली.

“थंय भात गावता काय रे?”

“मिळतो, काकू.”

“मासे?”

“मी खात नाही, काकू.”

“अरे देवा,” आई मनापासून म्हणाली. “मग थंय खातलंस काय, बर्फ?”

आई चहा ठेवायला आत वळली तेव्हा आम्ही गॅलरीत येऊन उभे राहिलो. खाली मंडळाची मुलं कसलेतरी बांबू एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेत होती आणि एकमेकांवर ओरडत होती. तो पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा होता.

“एक विचारू? यावेळी खरं सांग.”

“विचार.”

“सतरा दिवस का?”

मी कठड्याकडे बघत होते. “सांगितलं असतं तर तुझं जाणं रद्द होईल असं वाटलं होतं.”

“म्हणून नाही सांगितलंस? माझं नुकसान होईल म्हणून?”

इथे मी ‘हो’ म्हणू शकले असते. त्याने तसं उत्तर माझ्यासाठी तयारच ठेवलं होतं, चांगलं आणि सोयीचं.

“नाही,” मी म्हणाले. “मला तेच हवं होतं. तू राहावंस असं. म्हणून सांगायची लाज वाटत होती.”

एवढी मोठी वाक्यं मी त्याच्याशी मराठीत, कामाशिवाय, कधीच बोलले नव्हते. खाली एका मुलाच्या पायावर बांबू पडला आणि आख्खी चाळ हसली.

“मग सांगितलंस कशाला शेवटी?”

“चूक होती म्हणून.”

“मला जायचंच आहे गं.”

“माहितीय.”

“म्हणजे, तसं नाही की इथे मला...”

“माहितीय म्हटलं ना.”

“चाय निवता हां!” आई आतून ओरडली. आम्ही आत गेलो. त्याने चहा पिऊन संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, आईच्या पाया पडला आणि गेला.

याला आता एक वर्ष होऊन गेलं. त्याचं काम आता माझ्याकडे आहे. आम्ही अधूनमधून बोलतो, कामाचंच. लेख मासिकाकडे पाठवला होता, त्यावर परीक्षकांचे प्रश्न आले. ते प्रश्न आम्ही दोघांनी एकाच फाइलमध्ये उघडून उत्तरं लिहायची असं ठरलं. माझी दुपार होते तेव्हा त्याची सकाळ नुकती सुरू झालेली असते. स्क्रीनवर माझा कर्सर निळा, त्याचा हिरवा.

तिसरा प्रश्न उत्क्रांतीचा होता. जंतूमधलं हे कडं आणि माणसाच्या पेशीच्या केंद्रातलं कडं यांचं नातं काय, यावर लेखकांनी एक परिच्छेद लिहावा. त्याने कडेला टीप टाकली, मराठीत. “हे तू लिही, कॉन्व्हेंट.”

मी लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, पण मनात आधी मराठीत जुळवलं. इंधन जाळणारा गाभा दोघांचा फार जुन्या एकाच घराण्यातला आहे, जीवसृष्टीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. पण त्या घराण्याच्या शाखा केव्हाच वेगळ्या झाल्या, आणि पीळ उकलण्याचं हे काम दोघांनी बहुधा आपापलं, वेगवेगळं उचललं. जंतूचं कडं एका पेडावर बसून धावतं. आपलं कडं दुसऱ्या पेडावर बसतं, आणि त्याचा धाग्यावरचा प्रवास उलट दिशेचा असतो. आपल्या कड्याच्या सहा पाकळ्या तर एका साच्यातल्याही नाहीत. सहा बहिणी, सहा वेगळ्या. तरी त्यांचेही धाग्याला धरून असलेले जिने आता दिसलेले आहेत. म्हणजे एकेक पकड सोडत पुढे जाण्याची रीत दोघांकडे आहे. ती त्यांनी मूळच्या घरातून आणली की दोघांना स्वतंत्रपणे सापडली, हे आमच्या माहितीवरून सांगता येत नाही, असं मी शेवटी लिहिलं.

हिरवा कर्सर माझ्या मागोमाग वाचत येत होता. त्याने एक स्वल्पविराम काढला. ‘बहुधा’साठी मी घातलेला शब्द बदलून जरा सौम्य शब्द घातला. शेवटच्या वाक्यापाशी तो थांबला आणि कितीतरी वेळ तिथेच लुकलुकत राहिला. काही लिहिणार असेल म्हणून मी हात की-बोर्डवरून काढून घेतला. त्याने काही लिहिलं नाही. मीही नाही.

मग मी चौथ्या प्रश्नाकडे गेले. थोड्या वेळाने तोही तिथे आला.